खांद्यावरची टाकी

3 जून, रात्री

दुपारपासून फोनवर निसर्ग वादळाचे जुने फोटो फिरतायत. पत्रे उडालेली शाळा, आडवे झालेले विजेचे खांब, लोळण घेतलेल्या पोफळी. 2020 साली याच तारखेला, बुधवारी, दुपारी साडेबारा ते अडीचच्या सुमारास वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. ताशी 100 ते 110 किलोमीटर, झोत 120 पर्यंत. आम्हा श्रीवर्धनकरांना हे आकडे फार नंतर कळले. तेव्हा आम्ही माजघरात बसून एकेक कौल सुटल्याचा आवाज ऐकत होतो.

फोटोंत एनडीआरएफचे जवान आहेत, बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले महावितरणचे वायरमन आहेत, आणि ते असायलाच हवेत. गॅस एजन्सीची पोरं मात्र एकाही फोटोत सापडली नाहीत. पेट्रोल पंपावरची तर नाहीतच. म्हणून माझ्यापुरतं लिहून ठेवतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पाखाडीत बाहेरचा म्हणावा असा पहिला माणूस आला तो गॅसवाला. टाकी घेऊन नव्हे, नुसताच, हातात पाना. रस्त्यावर माड आडवे, टेम्पो येणं शक्यच नव्हतं. तो घराघरांत शिरून एकच विचारत होता, "काकी, शेगडी कुठाय? टाकी बंद केलीत का?" लोक जीव घेऊन शाळेत नाहीतर शेजारच्या स्लॅबच्या घरात पळालेले, शेगडीकडे कोण बघतंय? आत्याच्या घरी स्वयंपाकघराचं छप्परच खाली आलेलं. त्यातून वाकून तो आत गेला, रेग्युलेटर काढला आणि टाकीला दोरीने लटकणारं ते पांढरं टोपण तोंडावर घट्ट बसवलं. हे टोपण कशासाठी असतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मग नळी बोटांनी चाचपली, भेग दिसली तसा म्हणाला, "आत्या, ही नळी आता वापरायची नाही. मी दुसरी आणतो, तोवर हात लावू नका."

आणि त्याने आणली. कुठून, देव जाणे.

कोकणात चूल आहे, लाकूडफाटा आहे, मग गॅसवाचून काय अडतं, असं मुंबईहून फोन करणाऱ्यांना वाटायचं. फोन लागला तर. लाकडं सगळी भिजून चिंब, मांगराचं छप्पर गेलेलं, वर पाऊस तोंडावर आलेला. चहाचं आधण ठेवायचं तरी गॅसच लागत होता. टॉवर बंद, त्यामुळे फोनवरून बुकिंग नाही. पोरांनी शाळेच्या वहीत नावं लिहून घेतली. उज्ज्वला योजनेतून लॉकडाऊनमध्ये मोफत टाक्या मिळणार होत्या, पण मेसेजच येत नाही तर माणसाला कळणार कसं? तेही हेच दारोदार सांगत फिरले.

भरलेल्या टाकीत गॅस 14.2 किलोचा, शिवाय लोखंडाचं वजन 15-16 किलो. म्हणजे 30 किलोचा ऐवज खांद्यावर घेऊन आडव्या पोफळींवरून चालायचं. पोफळीचं ओलं खोड पावलाखाली गरकन फिरतं. एकाचा पाय मुरगळताना मी पाहिलाय. टाकी खाली पडू दिली नाही, स्वतः बसला.

मला त्यांच्या कष्टांपेक्षा त्यांना असलेल्या माहितीचं जास्त वाटतं. आमच्याकडे घरटी एक तरी मुलगा मुंबईला, मागे म्हातारी माणसं. मदतीच्या गाड्या यायच्या, रस्त्यालगतच्या घरांना ताडपत्री आणि तांदूळ देऊन परत फिरायच्या. वाडीच्या मागे, विहिरीपलीकडे एकटी आजी राहते हे त्यांना कोण सांगणार? गॅसवाल्याला ते माहीत असतं. दर दोन-तीन महिन्यांनी तो तिच्या थेट स्वयंपाकघरापर्यंत गेलेला असतो. कुणाला ऐकू कमी येतं, कुणाला रेग्युलेटर फिरवता येत नाही, कुणाचा मुलगा फोन उचलत नाही, सगळं त्याच्या डोक्यात. पुढे पुढे तांदूळवाले त्यांनाच पुढे घालून नेऊ लागले. सरकारी यादी चांगली असेलही, पण ती मतदारांची असते. एकट्या माणसांची नसते.

पंपाची कथा वेगळी. जमिनीखालच्या टाकीत डिझेल असून उपयोग काय, वर खेचायला वीज हवी. जनरेटर लावला, पण आधी टाकीत पाणी शिरलंय का ते पाहिलं: लांब पट्टीला पेस्ट लावून खाली सोडायची, पाणी असेल तर पेस्टचा रंग बदलतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल असल्याने थोडं पाणीही चालत नाही, असं तिथल्या मुलाने मला रांगेत समजावलं. आधी रुग्णवाहिका, जेसीबी, पाण्याचे टँकर, मग लाकडं कापणारे, मग आपण. बाटलीत पेट्रोल देत नव्हते, कितीही ओळख काढा. कापणाऱ्यांना सांगितलं, कटर मशीनच घेऊन या, टाकी इथे भरून देतो. माणसं खांद्यावर करवती घेऊन रांगेत! कार्ड मशीन बंद, एटीएम बंद, मग उधारीची वही. मागच्या खोलीत एका लाकडी फळीवर सॉकेट ठोकून मोबाइल चार्ज करत होते, प्रत्येक मोबाइलला रबराने नावाची चिठ्ठी. रेंज नव्हतीच, पण रात्री बॅटरी तरी पेटायची. आमच्या आळीत वीज यायला महिना उलटला.

याच काळात कुणी दुप्पट भावाने पत्रे विकले तेही आठवतंय. असो.

पाना घेऊन आला होता त्याचं स्वतःचं घर म्हसळ्याच्या वाटेवर, पत्रे सगळे उडालेले. हे मला बऱ्याच उशिरा कळलं, तेही त्याच्या आईकडून. पंचनाम्याला तलाठी आले तेव्हा हा टाक्या पोहोचवत होता, घर बंद, आई बहिणीकडे. पंचनामा दुसऱ्या फेरीत झाला. "तुला थांबायला काय झालं होतं?" असं मी रागानेच विचारलं. तर म्हणतो, "ताई, त्या दिवशी गाडी आली होती. गाडी आली की थांबता येत नाही."

2021 च्या मे महिन्यात तौक्ते आलं. ते समुद्रातूनच गुजरातकडे गेलं, आमच्याकडे निसर्गसारखी दैना झाली नाही. पण त्याच्या आधीच्या आठवड्यात एजन्सीची पोरं न बोलावता आली, एकट्या राहणाऱ्यांच्या टाक्या हलवून पाहिल्या, अर्ध्या वाटल्या त्यांची नावं लिहून घेतली. शाळेचीच वही, कव्हरावर विद्यार्थ्याच्या नावाच्या जागी गावांची नावं. आत्याने वरचे वीस रुपये पुढे केले तर घेतले, नाही कशाला म्हणायचं. टाकीमागे मिळून मिळून काय मिळतं त्यांना. तिने आणखी दहा दिले आणि नवी नळी कधी बदलायची ते विचारून घेतलं.