धक्क्यावर ऐकलेले हसू

हॉबर्ट, टास्मानिया (ऑस्ट्रेलिया), रविवार, रात्र

काल दुपारी धक्क्यावर हे मोठ्याने हसले. घडले ते एवढेच, आणि तरीही कालपासून माझे मन दुसऱ्या कशातच लागत नाही, म्हणून त्यांना झोप लागल्यावर दिवा मंद करून लिहायला बसले आहे.

सकाळी सॅलामांकाचा शनिवारचा बाजार पाहून आम्ही कॉन्स्टिट्यूशन डॉकवर आलो होतो. तिथे पाण्यात बांधून ठेवलेल्या तराफ्यांवर मासळी विकतात आणि जवळपास खाण्याची लहान दुकाने आहेत. त्यांपैकी एका दुकानात ह्यांनी इथली प्रसिद्ध स्कॅलप पाई घेतली. मोठ्या शिंपल्यांतले पांढरे मांस दाट रश्श्यात शिजवून ते मैद्याच्या पारीत भरतात आणि भट्टीत भाजतात. रस्सा पिवळा कशाने झाला, असे ह्यांनी विचारले, तेव्हा विकणाऱ्या बाईंनी अभिमानाने सांगितले की त्यात करी पावडर असते, आमच्या इथली, एकोणिसाव्या शतकापासूनची, आणि १९०५ सालापासून डोंगराच्या उतारावर दगडांच्या भल्यामोठ्या अक्षरांत तिचे नाव लिहिलेले आहे. त्यावर हे म्हणाले, ‘‘म्हणजे तुमचे आमचे नातेच निघाले की!’’ आणि मान मागे टाकून हसले. पूर्वी हसत तसे. मी दोन पावले मागे, हातात कागदी रुमाल घेऊन उभी होते.

मागच्या श्रावणापासून हे हसू मी ऐकलेले नव्हते. दादांच्या खोलीचे दार लावून घेतले त्या दिवसापासून घरात कोणी मोठ्याने बोलत नाही आणि मीही त्याची सवय करून घेतली. अकरा महिने मी ह्यांच्या आवडीचे रांधले, आवडीचे कार्यक्रम लावून ठेवले, पाहुण्यांना दाराशीच दबक्या आवाजात सूचना दिल्या, स्वतःचे जे काही होते ते बाजूला ठेवले आणि एका हसण्याची वाट पाहिली. ते हसू ह्यांनी नावही ठाऊक नसलेल्या बाईला एका क्षणात देऊन टाकले. लिहिताना हे फार क्षुद्र वाटते, पण काल मला खरोखर रडू आले आणि वाऱ्याने डोळ्यांत पाणी येते असे मी सांगितले. मला त्या बाईंचा हेवा वाटला, या गावाचाही वाटला. दुकाने संध्याकाळी वेळेवर बंद करून निवांतपणे घरी जाणाऱ्या या माणसांनी ह्यांच्यासाठी काय केले होते? पाई विकली, एवढेच ना! माझ्याही जिवावरून काही गेले आहे हे या अकरा महिन्यांत कोणी मला विचारले नाही. पण ते राहू दे.

खरे तर शुक्रवारीच माझ्या लक्षात यायला हवे होते. विमानतळ नदीच्या पूर्वेला आणि शहर पश्चिमेला, त्यामुळे डर्वेंट नदीवरचा टास्मन पूल ओलांडूनच यावे लागते. आम्ही आलो तेव्हा पुलावरची वाहतूक दोन्ही बाजूंनी थांबवलेली होती, कारण एक मोठे जहाज पुलाखालून जायचे होते. सिग्नलला अर्धा मिनिट जास्त लागला तरी चिडणारे हे, काचेतून नदीकडे पाहत अगदी स्वस्थ बसून राहिले. गाडी चालवणाऱ्या गृहस्थांनी कारण सांगितले. ५ जानेवारी १९७५ च्या रात्री जस्ताचे खनिज आणणारे ‘लेक इलावारा’ हे जहाज पुलाच्या खांबांवर आदळले, वरचा रस्ता कोसळला आणि १२ माणसे गेली. जहाज अजून नदीच्या तळाशी आहे. त्या रात्रीनंतर पूर्वेकडच्या लोकांना समोरचे शहर दिसत असूनही त्यांचे दवाखाने, शाळा आणि कचेऱ्या दूर गेल्या, कारण बोटीने जायचे नसेल तर रस्त्याने सुमारे पन्नास किलोमीटरचा वळसा पडे. पूल पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर १९७७ उजाडला. मी मनातल्या मनात हिशेब केला, दोन वर्षे नऊ महिने. आमचे तर अकराच झाले आहेत, असे तेव्हा वाटून गेले आणि असे वाटल्याची लाजही वाटली.

आज सकाळी कुनान्यी डोंगरावर गेलो. माउंट वेलिंग्टन हे त्याचे दुसरे नाव; उंची १२७१ मीटर, आणि रस्ता थेट शिखरापर्यंत जातो. १८३६ च्या फेब्रुवारीत चार्ल्स डार्विन इथे आला तेव्हा हा रस्ता नव्हता. दाट झाडीमुळे त्याचा पहिला प्रयत्न फसला आणि दुसऱ्या वेळी त्याला वाटाड्या बरोबर घ्यावा लागला. धाकटीने हे मेलबर्नहून निघताना सांगितले होते आणि हे ते वाटेत पुन्हा पुन्हा आठवत होते. वर वारा असा होता की उभे राहणे कठीण जावे. खाली सगळे गाव, नदीचे रुंद पात्र, त्याच्या कडेने विखुरलेली घरे आणि टाचणीएवढा तो पूल दिसत होता. हे कठड्याला धरून गप्प उभे होते. मी पाहत होते. थंडी बाधेल का, दम लागला आहे का, चेहरा पुन्हा तसाच होतो आहे का. आणि हे मान न वळवता म्हणाले, ‘‘माझ्याकडे काय पाहतेस? डोंगर बघ.’’

रागाने म्हणाले नाहीत. पण तेव्हापासून मला कालच्या बाई वेगळ्या दिसू लागल्या. त्यांनी ह्यांच्याकडे एका पाई घेणाऱ्या माणसाकडे पाहावे तसे पाहिले होते. त्या नजरेत दादा नव्हते, मागचा श्रावण नव्हता, ‘आज कसे वाटते’ हा प्रश्न नव्हता. माझ्या नजरेत तो प्रश्न रोज सकाळी चहाबरोबर असतो आणि त्याचे उत्तर दिल्याशिवाय ह्यांना घोटही घेता येत नसणार. मी ज्याला काळजी म्हणत आले त्याने माणूस किती थकत असेल, याचा विचार मी कधीच केला नव्हता. तरी ही नजर दोन दिवसांत काढून टाकता येईल असे मला वाटत नाही. ती काही मी हौसेने कमावलेली नाही.

संध्याकाळी बॅटरी पॉइंटच्या गल्ल्यांतून चालत आर्थर सर्कसपर्यंत गेलो. मधे गवताचा लहानसा गोल तुकडा आणि त्याच्याभोवती ठेंगणी जुनी घरे. मी मुद्दाम ह्यांच्या थोडी पुढे चालत राहिले, घरांपुढची फुले पाहिली आणि मागे वळले नाही, मागून पावलांचा आवाज येत होता तेवढा ऐकला. एका कुंपणाशी तो थांबला, बऱ्याच वेळाने पुन्हा सुरू झाला. काय पाहिले ते ह्यांनी सांगितले नाही आणि मी विचारलेही नाही. फार कठीण गेले.

उद्या दुपारचे विमान आहे. त्याआधी ह्यांना धक्क्यावर जाऊन पुन्हा तीच पाई खायची आहे. मी खोलीवर सामान आवरत थांबेन, तुम्ही जाऊन या, असे मी सांगितले आहे. सामान आजच आवरून झाले आहे.