चार दिवस 'बॅटरी गेली' ऐकलं, बिघाड निघाला अर्थच्या पट्टीत

जुलैतली सकाळ. आईला डोळे दाखवायला परळला न्यायचं होतं. किल्ली फिरवली तर नुसतं टक-टक-टक. सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, फिरेना. आईला टॅक्सीने नेलं, गाडी टो करून सर्व्हिस सेंटरला टाकली.

तिथे चार दिवस गेले, त्याचा राग अजून आहे. काउंटरवरचे साहेब गाडीजवळ न येताच म्हणाले, "टकटक येतेय ना? बॅटरी गेली." बॅटरी वर्षाचीही नव्हती. "मीटर लावून तरी बघा," मी तीनदा म्हणालो. "उद्या स्कॅनर लावू." दुसऱ्या दिवशी स्कॅनरवर बिघाडाचा एकही कोड आला नाही. जाड केबलीतला बिघाड स्कॅनरला बहुतेक वेळा दिसतच नाही, हे मला नंतर कळलं. त्यांना तरी ठाऊक असायला हवं होतं. तिसरा दिवस "मेकॅनिक सुट्टीवर" यात गेला. चौथ्या दिवशी नवी बॅटरी लावून पाहिली, तरी तीच टकटक. मग म्हणे सेल्फच गेला, नवा टाकावा लागेल, ९,८०० रुपये. चार दिवसांत एकदाही कुणी व्होल्टेज मोजलं नव्हतं. मी सही केली नाही. गाडी पुन्हा टो करून प्रभादेवीला आणली.

आमच्या मजल्यावरचे काका बेस्टच्या डेपोतून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सेल्फ मारताना हेडलाइट मंद होतात का?" होत नव्हते! बॅटरी मेलेली असती तर ते मलूल झाले असते. संध्याकाळी लॅमिंग्टन रोडवरून व्होल्टेज मोजायचा साधा मल्टिमीटर आणला. गाडी बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट. सेल्फ मारताना १२.१. काका म्हणाले, "बॅटरी खराब असती तर साडेनऊच्या खाली आली असती. ही तयार आहे, करंट वाटेत अडतोय."

मग मीटरची काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल इंजिनच्या उघड्या धातूला लावली आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसायला नको. आकडा ६ च्या वर जाऊन नाचत राहिला. खात्रीसाठी काकांनी जंप केबल घेऊन बॅटरीचा निगेटिव्ह थेट इंजिनला जोडला. गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली. मला काय आनंद झाला, सांगता येणार नाही.

हो, हे करताना गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला हवा. जंप केबल पंख्यापासून आणि बेल्टपासून लांब ठेवा.

इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थची पट्टी, जिच्यातून सेल्फचा करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परततो, बोल्टखाली हिरवी-पांढरी होऊन कुजली होती. समुद्र आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, वर पावसाचं पाणी. दिव्यांचं अर्थ थेट बॉडीला असल्यामुळे ते झकास लागत होते आणि सगळे फसत होते. नवी पट्टी ३०० रुपयांना मिळाली. बोल्टची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, वर ग्रीस लावलं. पाना लावण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा आणि तोच सगळ्यात शेवटी जोडायचा, हे काकांनी दोनदा बजावलं.

तुम्हालाही कुणी न मोजता बॅटरी बदलायला सांगितली, तर आधी आकडा दाखवा म्हणा.

पुढच्या मंगळवारी आईला याच गाडीने परळला नेलं. काका पुढच्या सीटवर होते.