बुलेट ३५० रीबिल्ड: टॅपेट की पिस्टन?

कास्ट आयर्न बुलेट, बोअर ७० मिमी आणि स्ट्रोक ९०, ब्लॉक २० थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइजवर बोअर केलेला, म्हणजे तेवढा रुंद कापलेला, पिस्टन-रिंगा नव्या, हेडचा फेस घासून व्हॉल्व्ह लॅप केलेले (सीटवर घासून बसवलेले). इंजिन पहिल्या किकला उठलं आणि गार असताना टक-टक-टक सुरू. बघायला आलेल्या प्रत्येकाचं निदान एकच: टॅपेट आवळ, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली फट कमी कर.

आवळले नाहीत. या इंजिनात टॅपेट गार असताना शून्यावर असतात, फट ठेवायचीच नाही. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (सगळ्यात वरच्या टोकाला) आणायचा, ब्लॉकच्या बाजूचं झाकण काढायचं आणि पुशरॉड (व्हॉल्व्हला ढकलणारी दांडी) बोटांनी फिरवून बघायचा. सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. दोन्ही पुशरॉड तसेच होते. आवाज दाबण्यासाठी याहून आवळलं की व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता सीटमधूनच हेडमध्ये जाते, त्यामुळे तो जळतो. किक मऊ लागायला लागली की समजायचं. (डिकंप्रेसरची, म्हणजे किकसाठी सिलिंडरमधला दाब सोडणाऱ्या झडपेची, केबल ताणलेली असली तरी किक मऊच लागते, ती आधी बघा.)

‘आवाज क्रँकच्या निम्म्या वेगाने येतोय, म्हणजे टॅपेटच’ हा नियम सिंगल सिलिंडरवर फसवा आहे. व्हॉल्व्ह उघडणारा कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो हे खरं, पण पॉवर स्ट्रोकही दोन फेऱ्यांत एकदाच येतो आणि पिस्टन सगळ्यात जोरात आपटतो तो तेव्हाच. म्हणून ताल सोडून दिला आणि दोनच गोष्टी ऐकल्या. गाडी तापल्यावर आवाज किती उरतो? माझा बराच विरला. अॅल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या ब्लॉकपेक्षा जास्त फुगतो, दोघांमधली फट भरते. टॅपेटचा आवाज असा विरत नाही. दुसरं, लोड. कात्रजच्या चढावर वरच्या गिअरमध्ये थ्रॉटल उघडला की टकटक वाढायची, थ्रॉटल सोडला की जवळजवळ गायब. लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावला तर टॅपेटच्या झाकणापेक्षा ब्लॉकच्या मागच्या बाजूला आवाज मोठा. पॉवर स्ट्रोकला पिस्टन मागच्या भिंतीवरच रेलतो.

मग ब्लॉक उतरवला. पिस्टनच्या स्कर्टच्या (रिंगांखालच्या घेराच्या) मागच्या बाजूला चकाकी होती, ओरखडे नव्हते. बोअर गेजने तीन उंचींवर, पुढे-मागे आणि आडवं माप घेतलं: लेथवाल्याचं काम चोख, २० ला बरोबर. घोळ पिस्टनमध्ये निघाला. गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) काटकोनात, स्कर्टच्या तळाशी मायक्रोमीटर लावला तर बोअरशी फट साडेसहा थाउ! मी तीन ते चार धरून चाललो होतो. डब्यावर छापलेला २० हा आकडा पिस्टन कुठल्या बोअरसाठी आहे एवढंच सांगतो, स्कर्ट नेमका केवढा आहे ते नाही. खरं तर पिस्टन आधी मोजून तोच लेथवाल्याच्या हातात द्यावा आणि बोअर त्याच्या मापाने करून घ्यावा.

असं चालवलं तर? लगेच काही फुटणार नाही, जुन्या बुलेट याहून सैल पिस्टनवर वर्षानुवर्षं पळतात. पण पिस्टन डोलला की रिंगा सपाट बसत नाहीत, आणि नव्या बोअरवर तेल पिणारं इंजिन मला नको. जाड तेल घालून आवाज झाकणं तर नकोच.

ब्लॉक लगेच ४० ला नेणं म्हणजे लोखंड वाया घालवणं. म्हणून मायक्रोमीटर खिशात घालून दुकानात गेलो आणि २० चेच पिस्टन मोजत बसलो. दुकानदाराने तराजूही आणू का असं विचारलं. एक मापाचा मिळाला, बोअरमध्ये फट चार थाउला किंचित कमी.

हेड घासलं होतं, म्हणून व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधली जागाही तपासली. पिस्टनच्या डोक्यावर मुलांची खेळायची माती थापली, तेलाचं बोट फिरवलं, हेड कसून इंजिन हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवलं. माती ब्लेडने कापून मोजली: इनटेकला २ मिमीच्या वर, एक्झॉस्टला त्याहून जास्त. इनटेकला दीड आणि एक्झॉस्टला दोन मिमीच्या खाली मी जाणार नाही.

आता नव्या पिस्टनवर रिंगांच्या टोकांमधले गॅप बोअरमध्ये तपासायचे आहेत, मग ब्लॉक चढेल.