आमची वाटचाल : ठाणे ते कोहिमा

शाळांच्या सहली काढायला नौपाड्यात जिन्याखालच्या जागेत टेबल टाकलं तेव्हा आम्हीही सगळे करतात तेच करत होतो. रायगड, प्रतापगड, वॉटर पार्क. धंदा बरा चालला, शाळा टिकल्या. त्या वर्षांबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही.

वाट बदलली ती वर्तकनगरच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंमुळे. रायगडचं कोटेशन बाजूला सारून त्यांनी विचारलं, "लढाई कुठे झाली ते तुम्ही दरवर्षी दाखवता. ती संपल्यावर तिथल्या माणसांचं काय झालं, ते कधी दाखवणार?" तिथून नागालँडमधलं कोहिमा आणि मणिपूरमधलं इंफाळ अशी आमची अभ्याससहल सुरू झाली. शाळेत दुसरं महायुद्ध म्हणजे हिटलर आणि हिरोशिमा. आपल्याच देशात, कोहिम्याला, १९४४ च्या एप्रिल ते जूनमध्ये ब्रिटिश-भारतीय फौज आणि जपानी यांच्यात एवढी मोठी लढाई झाली आणि त्याआधी मार्चमध्ये मणिपूरमधल्या सांगशाकला मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन जपान्यांना अडवून लढली, हे नववीच्या मुलाला कुठून कळणार?

या सहलीचं आमचं मुख्य हत्यार म्हणजे प्लायवुडचं मॉडेल. वागळे इस्टेटमधल्या एका सुताराकडून कोहिम्याची डोंगरधार थराथराने कापून घेतली. जेल हिल, एफएसडी (रसद डेपोची टेकडी), कुकी पिकेट, गॅरिसन हिल, सगळ्या टेकड्या सुट्या निघतात. लाल आणि निळ्या पिना मुलांच्या हातात द्यायच्या. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्यापाशी दोन्ही सैन्यांमध्ये फक्त टेनिस कोर्ट उरलं होतं, हे पिन टोचताना जे समजतं ते प्रोजेक्टरवर समजत नाही. जपानी जनरल सातो रसद येईना म्हणून वरिष्ठांचा हुकूम मोडून मागे फिरले, यावर तर मुलं तासभर भांडतात. रूमिंग लिस्ट, इनर लाइन परमिटची (तिथे प्रवेशासाठी लागणाऱ्या परवान्याची) झेरॉक्स, आधार, पालकांचं संमतीपत्र यांची फाइल सगळेच करतात. मॉडेल आम्हीच केलं.

कोहिम्याचे आमचे भागीदार अंगामी या नागा जमातीतले गृहस्थ. पहिल्याच फोनवर त्यांनी अट घातली : आधी गाव, मग लढाईत पडलेल्या जवानांची स्मशानभूमी. दोन परक्या सैन्यांच्या लढाईत घरं जळाली ती गावकऱ्यांची, म्हणून आधी चुलीशी बसायचं, आजोबांनी सांगितलेलं नातवाच्या तोंडून ऐकायचं. दुसऱ्या दिवशी १,४२० कबरींमधून चालत वरच्या टोकाला जायचं, जिथे ९१७ हिंदू आणि शीख जवानांचं दहनस्मारक आहे. मुलं तिथे बोटाने आडनावं शोधतात. मग समेटाचा भाग. कोहिम्याला लढलेल्या ब्रिटिश जवानांनी म्हातारपणी नागा मुलांच्या शिक्षणासाठी ट्रस्ट काढला. कोहिम्याचं कॅथेड्रल, म्हणजे मोठं चर्च, बांधताना जपानहूनही देणग्या आल्या. इंफाळजवळ रेड हिलच्या पायथ्याशी जपानचं शांतिस्मारक आहे, आणि लढाईला ७५ वर्षं झाली तेव्हा, २०१९ मध्ये, तिथेच शांतता संग्रहालय उघडलं.

सहल नावारूपाला आली आणि आमच्याच हाताखाली तयार झालेला टूर मॅनेजर एका मोठ्या कंपनीत गेला. आमचा कार्यक्रम, आमचे कॉन्टॅक्ट, मॉडेलचे फोटो, सगळं घेऊन गेला. त्यांनी डिसेंबरच्या हॉर्नबिल महोत्सवाला जोडून तीच सहल आमच्यापेक्षा कमी रेटने काढली. गाव वगळलं. स्मशानभूमीला चाळीस मिनिटं, फोटो काढा, बसमध्ये बसा. आमच्या दोन शाळा गेल्या. त्याचं दुःख आहेच, पण त्या मुलांनी कोहिम्याला जाऊन काय पाहिलं, याचं जास्त आहे.

मग ३ मे २०२३ रोजी मैतेई-कुकी संघर्षात मणिपूर पेटलं. ज्युनिअर कॉलेजची बॅच निघायला आठवडा होता. शांतता संग्रहालय ज्या खोऱ्यात आहे, तिथेच शेजारी शेजाऱ्याला घाबरून पळत होता. इंटरनेट बंद झालं, आमचा इंफाळचा ड्रायव्हर तीन दिवस फोनवर मिळाला नाही. सहल रद्द. एअरलाइनने ग्रुप बुकिंगचं डिपॉझिट परत दिलं नाही, हॉटेलवाला क्रेडिट नोट घ्या म्हणाला. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'फ्रॉड' हा शब्द आला. त्याच आठवड्यात त्या कंपनीची माणसं आमच्या शाळांमध्ये जाऊन सांगत होती, "हे लोक मुलांना दंगलीत नेणार होते." दंगल सुरू व्हायच्या कितीतरी आधी बुकिंग झालं होतं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

आम्ही प्रत्येक पालकाला पूर्ण पैसे परत केले. टेम्पो ट्रॅव्हलर विकली, घोडबंदर रोडला बुक केलेला वन बीएचके सोडून दिला. पत्नी एका शब्दाने बोलली नाही. वर्तकनगरच्या मुख्याध्यापिका बाई मात्र स्वतः ऑफिसात आल्या, पुढच्या नोव्हेंबरचा अ‍ॅडव्हान्स चेक टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "फक्त कोहिमा करा. पण इंफाळ का गाळलं, ते मुलांपासून लपवू नका." ते आम्ही लपवत नाही. निघण्याआधी ठाण्यात बैठक होते, ड्रायव्हर व्हिडिओ कॉलवर येतो आणि आता कोणत्या रस्त्याने त्याला जाता येत नाही ते सांगतो. परक्यांशी समेट झाला मग शेजाऱ्याशी का नाही, हा मुलांचा प्रश्न दरवर्षी येतो. आम्ही त्यांना उत्तर शिकवत नाही.

या लाइनमध्ये नव्याने येणाऱ्यांना सांगतो : पालकांचा अ‍ॅडव्हान्स वेगळ्या खात्यात ठेवा, एअरलाइनला एकरकमी देऊ नका. पालकसभा शनिवारी संध्याकाळी घ्या, वडीलही येतात. शिक्षकांना मुलांच्याच मजल्यावर खोल्या द्या. आणि मुख्याध्यापकांनीही तीन कोटेशनं मागवली की फक्त शेवटचा आकडा पाहू नये, कार्यक्रमात गावासाठी किती तास ठेवलेत तेही विचारावं.

त्या कंपनीच्या यंदाच्या माहितीपत्रकाच्या दुसऱ्या पानावर आमच्या मॉडेलचा फोटो अजून आहे. कोपऱ्यात आमच्या सुताराने पेन्सिलने घातलेला आकडाही दिसतो. तो फोटो त्यांनी काढून टाकावा.