कण्हेरीवरचा पतंग

डॅफ्निस नेरी या पतंगाला नुसते ‘हिरवा हॉक मॉथ’ म्हणून सोडून देणे मला अन्यायाचे वाटते. गडद शेवाळी, फिकट पोपटी, गुलाबी आणि राखाडी-पांढरा असे रंग त्याच्या पुढच्या पंखांवर वळणदार पट्ट्यांनी एकमेकांत शिरतात, टोकाकडे जांभळट झाक येते आणि पंखाच्या मुळाशी डोळ्यासारखा एक लहान ठिपका असतो. पंखांचा विस्तार साधारण ९ ते ११ सेंटीमीटर भरतो. मागचे पंख करडे-तपकिरी असून बसल्यावर झाकले जातात. कोऱ्या भिंतीवर ही नक्षी भपकेबाज दिसते. पानांच्या गर्दीत मात्र तिच्यामुळेच पतंगाची आकृती तुकड्यातुकड्यांत विखुरते आणि अगदी जवळून पाहणाऱ्याचीही नजर फसते.

त्याची अळी मला पतंगाइतकीच देखणी वाटते. हिरव्या अंगाच्या कडेने पांढरी रेघ व बारीक ठिपके, शेपटाशी आखूड पिवळसर शिंग, आणि डोक्यामागे दोन निळे-पांढरे, काळ्या कडेचे खोटे डोळे. तिला डिवचले की ती डोके आत ओढते आणि ते डोळे फुगून पुढे येतात. कोषात जाण्यापूर्वी तिचा हिरवा रंग तपकिरी होतो. कण्हेरीच्या पानांतील हृदयावर परिणाम करणारी विषे ती बिनदिक्कत पचवते. सदाफुली आणि तगरही तिला चालतात.

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये या जातीला नाव देताना त्यात कण्हेरच गुंफली (‘नेरी’ हे कण्हेरीच्या ‘नेरियम’ या शास्त्रीय नावावरून आले), आणि या पतंगाचा प्रदेश समजून घ्यायलाही तोच धागा उपयोगी पडतो. आफ्रिका, दक्षिण व आग्नेय आशिया आणि भूमध्य समुद्राचा उबदार भाग येथे त्याची नित्य वस्ती आहे. उन्हाळ्यात तो उत्तरेकडे उडत मध्य युरोपात, क्वचित ब्रिटनपर्यंतही पोहोचतो, परंतु तिथला हिवाळा त्याला सोसत नाही. त्यामुळे नकाशावरचा तो उत्तरेकडचा भाग त्याचे घर न मानता पाहुण्याची वाट मानणेच योग्य ठरेल. हवाई बेटांवर तो १९७४ मध्ये प्रथम आढळला. तिथे बागांमध्ये कण्हेर मुबलक होती, आणि कडाक्याची थंडी नसल्यामुळे तो तिथे कायमचा राहिला.