मस्टँग उतरवली, स्विफ्ट चढवली

सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी रिमोटची गाडी पळवत होतो. वर फोर्ड मस्टँगची बॉडी, लाल रंग, बॉनेटवर दोन पांढरे पट्टे. जाम खुशीत होतो. फरशीवर बारीक वाळू होती, थ्रॉटल जरा जास्त दाबला गेला आणि पुढची दोन्ही चाकं जागच्या जागी गरगरली. माझा अकरा वर्षांचा मुलगा शेजारीच उकिडवा बसला होता. म्हणाला, "बाबा, मस्टँगची मागची चाकं फिरतात ना? ही तर आपल्या स्विफ्टसारखी पुढून ओढतेय."

त्याचं बरोबर होतं. खाली तामिया या जपानी कंपनीची एम-०५ चॅसी, म्हणजे बॉडीखालचा चालता सांगाडा. मोटर पुढे, गिअरबॉक्स पुढे, वजन पुढे, मागची चाकं नुसती सोबतीला. अशा चॅसीवर मस्टँग म्हणजे बैलगाडीला घोड्याचा मुखवटा. एकदा ते डोळ्यांत खुपलं की खुपतच राहतं. त्या रात्री ठरवलं की खऱ्या आयुष्यातही पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचीच बॉडी घ्यायची, आणि ती खरी वाटली पाहिजे.

नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विचारण्यात अर्थच नव्हता. त्यांचं उत्तर आधीच माहीत होतं: "आठशे." आमच्या घरातली पहिली गाडी पांढरी मारुती ८००, नानांनी चौदा वर्षं चालवली. पुढच्या चाकांवर चालणारी, चिमुकली, चौकोनी. मला वाटलं, यापेक्षा चांगली निवड काय असणार! मग पट्टी घेऊन बसलो आणि तिथेच माशी शिंकली.

आरसीच्या, म्हणजे रिमोटच्या गाडीच्या, बॉडीचं पहिलं गणित व्हीलबेसचं, म्हणजे पुढच्या आणि मागच्या आसातल्या अंतराचं. एम-०५ मध्ये मागचा तुकडा बदलून तीन अंतरं मिळतात: २१०, २२५ आणि २३९ मिमी. त्याच्या अधलंमधलं काही नाही. १९८६ नंतरच्या ८०० चा खरा व्हीलबेस २१७५ मिमी. एकास दहा केलं, म्हणजे खऱ्या मापाचा दहावा भाग घेतला, की २१७.५. म्हणजे २१० ला साडेसात जास्त आणि २२५ ला साडेसात कमी, बरोब्बर मधोमध! साडेसात मिमी म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण चाकाच्या कमानीत चाक तेवढं सरकलं तर टायर कमानीला घासतो आणि गाडी लंगडी दिसते. शिवाय ८०० ची रुंदी १४४० मिमी, म्हणजे १४४. माझ्या चॅसीची चाकं बाहेरून बाहेर मोजली तर १६० च्या आसपास. दोन्ही बाजूंनी चाकं बाहेर डोकावणार. टायरचंही तेच. ८०० चा १४५/७० आर१२ टायर एकास दहा केला तर जेमतेम ५१ मिमी भरतो, माझे होते ६० चे. नानांची आठशे मोठ्यांच्या बुटात पाय घातलेल्या बाळासारखी दिसली असती.

या आकडेमोडीत एक गोष्ट कळली, जी मला आधी कोणी सांगितली असती तर मस्टँगचे पैसे वाचले असते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या खऱ्या गाड्या बहुतेक लहान आणि अरुंद असतात. आरसीमधलं मोठं, चलनी माप मात्र टूरिंग गाडीचं: रुंदी १९० मिमी, व्हीलबेस २५७. होंडा सिव्हिकच्या पाचव्या पिढीची हॅचबॅक घ्या, ती ईजी म्हणतात ती. तिचा व्हीलबेस २५७० मिमी, म्हणजे लांबीला चॅसीशी तंतोतंत. पण रुंदी १६९५. ती १९० च्या चॅसीवर बसवायची तर बॉडी बनवणाऱ्याला दोन्ही बाजूंनी एकेक सेंटिमीटर फुगवावी लागते. फोटोत कळत नाही, कारण फोटो तिरका काढलेला असतो. समोरून पाहिलं की सिव्हिक पुरणपोळीसारखी पसरलेली. रेसिंगवाल्यांना ते चालतं, रुंद गाडी उलटत नाही. मला चालत नव्हतं.

ओरिजिनल मिनी, ती जुनी चिमुकली ब्रिटिश गाडी, तीसुद्धा या चाळणीतून सुटत नाही. तामियाने १९९४ साली एम-०१ चॅसीवर मिनी कूपर काढली आणि तेव्हापासून या छोट्या चॅसीचं आणि मिनीचं नातं घट्ट आहे. खऱ्या मिनीचा व्हीलबेस २०३६ मिमी, म्हणजे २०३.६, चॅसी २१० ची. रुंदी १४१ हवी, तीही वाढवलेली. तरी ती मिनीच वाटते, कारण मुळातच गाडीचं रूप ढेरपोटं आहे, थोडी सूज तिला शोभून दिसते. हे सगळ्या गाड्यांना जमत नाही.

मग झेन काढून पाहिली. २३३.५. जवळ, पण रुंदी दीडशे. आणि तिची बॉडी मला कुठे मिळालीच नाही.

शेवटी खाली पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या आमच्याच गाडीकडे लक्ष गेलं. २००७ ची स्विफ्ट, सिल्की सिल्व्हर. तिचा व्हीलबेस २३९० मिमी. मी आकडा दोनदा पाहिला. २३९! चॅसीचं सगळ्यात लांब माप, मिमीला मिमी. रुंदी १६९०, म्हणजे १६९, चॅसीपेक्षा थोडी जास्तच, त्यामुळे चाकं आत राहणार. १६५/८० आर१४ चा टायर एकास दहा केला की ६२ मिमी, माझे ६० चे. तिन्ही आकडे एकाच गाडीचे जुळले. पत्रिका जुळावी तशी. आणि मी इतके दिवस जगभरच्या गाड्या धुंडाळत होतो.

बॉडीही होती. सुझुकीने ज्युनिअर वर्ल्ड रॅलीसाठी स्विफ्टची सुपर १६०० गाडी बनवली होती, पुढच्याच चाकांवर चालणारी, आणि पर-गुन्नार अँडरसनने २००७ ची ज्युनिअर चॅम्पियनशिप तिच्यावर जिंकली. तामियाने तिची एकास दहा बॉडी काढली. मला एक जुनी, न कापलेली, पारदर्शक बॉडी एका परदेशी विक्रेत्याकडे सापडली. किमतीपेक्षा कुरिअर आणि कस्टम्स मिळून जास्त झालं, तो हिशोब बायकोला अजून सांगितलेला नाही.

पार्सल आलं आणि खोक्यातून काढल्या काढल्या पोटात गोळा आला. दारं! रॅलीची स्विफ्ट तीन दारांची, आपली पाच दारांची. पुढचं दार लांबलचक, मागे दाराची रेघच नाही. व्हीलबेसच्या नादात मी दारं मोजायलाच विसरलो होतो.

दोन दिवस ती बॉडी कपाटावर पडून होती. मग एका रविवारी खाली जाऊन खऱ्या गाडीचे बाजूने फोटो काढले आणि पट्टीने मोजलं: पुढचं दार कुठे संपतं, मागचं कुठे सुरू होतं, हँडल किती उंचीवर. या पिढीच्या स्विफ्टची एक सोय आहे. काचांमधले खांब काळे आहेत, त्यामुळे सगळी काच डोक्याभोवती गुंडाळलेल्या पट्टीसारखी दिसते. म्हणजे बाजूच्या लांब काचेवर योग्य जागी एक काळी उभी पट्टी चिकटवली तर दार आपोआप दोनात विभागतं. मूळ दाराची कोरलेली रेघ तशीच राहणार होती, पण चांदी रंगात ती फारशी उठून दिसत नाही. नवीन रेघ बारीक काळ्या पेनने बाहेरून काढायची.

पट्ट्या कुठून आणायच्या? आमच्या चौकातल्या रेडियमवाल्याकडून. दिवसभर तो नंबरप्लेटी आणि "आईचा आशीर्वाद" कापतो. त्याला तीन मिमी रुंदीच्या काळ्या पट्ट्या हव्यात म्हटलं तर त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग बॉडी दाखवली, तर हातातलं काम बाजूला ठेवून त्याने मशीनवर पट्ट्या कापल्या, वर 'एमएच १२' ची बोटभर नंबरप्लेटही स्वतःहून काढून दिली. पैसे दहा रुपये. या सगळ्या खटाटोपातला सर्वात स्वस्त आणि सर्वात खरा वाटणारा तुकडा तोच.

रंगाच्या बाबतीत मस्टँगने मला धडा शिकवला होता. तिला मी हार्डवेअरच्या दुकानातला साधा स्प्रे मारला होता आणि पहिल्याच धडकेत रंग पापुद्रे सुटून खाली पडला. या बॉड्या पॉलिकार्बोनेटच्या असतात, वाकतात. त्यांना त्यांचाच रंग लागतो, आणि तो आतून मारायचा. तामियाचे 'पीएस' लिहिलेले डबे पॉलिकार्बोनेटसाठी, 'टीएस' लिहिलेले कडक प्लास्टिकसाठी. एका अक्षराचा फरक, पण चुकलात तर मस्टँग. स्प्रेचे डबे ज्वलनशील म्हणून विमानाने येत नाहीत, म्हणून देशातच शोधावे लागले. पावसाळा संपेपर्यंत थांबलो, दमट हवेत स्प्रेवर पांढुरकी झाक येते.

कापण्याचं आणि भोकं पाडण्याचं काम मात्र रंगाआधी उरकलं. बॉडी पारदर्शक असते तेव्हाच चॅसीचे खांब, ज्यांवर बॉडी बसते ते, आरपार दिसतात. वर ठेवायची, मार्करने ठिपका द्यायचा, मग रीमरने, म्हणजे निमुळत्या टोकाच्या हत्याराने, भोक हळूहळू मोठं करायचं. रंग दिल्यावर हेच काम अंदाजपंचे होतं. चाकांच्या कमानी आधी मुद्दाम लहान कापल्या, वाकड्या पात्याच्या कात्रीने. सरळ कडा कापायला कात्री लागतच नाही: धारदार सुरीने एक ओरखडा ओढायचा आणि वाकवायचं, कट्ट आवाज करून तुकडा सुटतो.

मग आतून भांड्याच्या साबणाने धुतली, वाळवली, काचांना रंग लागू नये म्हणून आतून मास्क लावले आणि टेपच्या कडा नखाने दाबून दाबून बसवल्या. पीएस-१२ सिल्व्हरचे पाच पातळ हात. चांदी रंगातून उजेड आरपार जातो, म्हणून मागून काळा. डबा आधी कोमट पाण्यात ठेवला की फवारा बारीक येतो. हेडलाइटची जागा कोरी ठेवली होती. तिच्यामागे चॉकलेटची चांदी चुरगळून, पुन्हा सपाट करून चिकटवली. खऱ्या दिव्याच्या आतल्या आरशासारखी चमकते. दुसऱ्या दिवशी बाहेरचं संरक्षक पापुद्र्याचं प्लास्टिक सोललं. मुलगा आणि मी दोघांनी एकेक टोक धरलं होतं. खालून ओली दिसावी अशी चकचकीत चांदी निघाली.

आता उंची. रेसवाले बॉडी जमेल तितकी खाली बसवतात, आणि वळायला मदत होते म्हणून दोन-तीन मिमी पुढे सरकवतात. पुढे सरकवली की चाक कमानीच्या मधोमध राहत नाही. मी सरकवली नाही. उंचीचंही उलटंच केलं: आपली स्विफ्ट खड्ड्यांसाठी १७० मिमी उंच उभी असते, टायर आणि कमान यांच्यात बोटं जातील एवढी फट. म्हणून क्लिप खांबाच्या वरच्या भोकात लावली. माझ्या एका मित्राने पाहून तोंड वाकडं केलं, "अरे, ट्रॅक्टर वाटतोय." वाटू दे. त्याच्याकडे कडक प्लास्टिकची मिनी आहे, ग्रिल वेगळी, दिवे वेगळे, शोकेसमध्ये ठेवावी अशी. पण ते सगळं वजन वरच्या बाजूला. वळणावर ती आडवी पडते, मग तो हळू चालवतो, आणि हळू चालवलेल्या गाडीत मला तरी गंमत वाटत नाही.

माझी मात्र वळते. जोरात वळवून थ्रॉटल थोडा सोडला की मागचा भाग हलकेच बाहेर येतो आणि आतल्या बाजूचं मागचं चाक जमिनीवरून क्षणभर उचललं जातं, तीन पायांवर उभ्या राहिलेल्या कुत्र्यासारखं. रॅलीच्या फोटोंत अशा छोट्या गाड्या नेमक्या याच पोझमध्ये दिसतात. आता पुढची चाकं वाळूत गरगरली तरी कोणी हसत नाही, ती गरगरायलाच हवीत.

नानांना दाखवायला नेलं ते दिवाळीत. जेवणाच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा लावून चहूबाजूंनी पाहिली, नंबरप्लेटवर बोट फिरवलं, मागचं दार नखाने उघडता येतंय का ते बघितलं. माझ्या काळ्या रेघेची तीच पावती समजलो. मग म्हणाले, "आठशे असती तर बरं झालं असतं." मी त्यांना २१७.५ चं गणित सांगायला लागलो, ते फराळाकडे वळले.

त्याच संध्याकाळी मुलाने ती कंपाउंडच्या भिंतीवर घातली. पुढचा उजवा कोपरा, बंपरपासून कमानीपर्यंत चीर. रात्री आतून प्लास्टरच्या कामातली जाळीची टेप आणि बूट चिकटवायचा जाड गोंद लावून सांधली, पण चांदी रंगात चीर लपत नाही. मुलगा खूप हिरमुसला होता. सकाळी नाना खाली फिरून आले, टेबलावरची गाडी उचलली, कोपरा पाहिला आणि त्याला म्हणाले, "आता खरी दिसते. फक्त आपल्या गाडीचा डावा गेलाय, हिचा उजवा."