३६ × २४ इंची कोलाज: आधी जाळी, मग फोटो

लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी मोठा कोलाज करायचा ठरला की बहुतेक जण आधी फोटो उघडतात आणि सरकवत सरकवत त्यांना जागा शोधतात. दहा-पंधरा फोटोंपर्यंत हे जमतं. मग मधला एक मोठा करावासा वाटतो आणि बाकी सगळे हलवावे लागतात. म्हणून आधी कागदाचं माप ठरवा, मापावरून पिक्सेल, पिक्सेलवरून घरं, म्हणजे फोटो बसवायच्या चौकटी. फोटो सगळ्यात शेवटी. इथे गिम्प हे फोटो संपादनाचं मोफत सॉफ्टवेअर धरलं आहे. फोटोशॉपमध्येही आकडेमोड हीच.

भिंतीवरचा कोलाज तीन-चार फुटांवरून बघितला जातो, त्यामुळे इंचाला २०० पिक्सेल पुरतात. म्हणजे ७२०० × ४८००. ३०० धरले तर पिक्सेल सव्वादोन पट होतात, संगणक रेंगाळतो आणि भिंतीवर फरक कळत नाही. नवी फाइल उघडताना ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये रिझोल्यूशन २०० करायला विसरू नका. ते ३०० राहिलं तर हाच कोलाज छपाईच्या लॅबमध्ये २४ × १६ इंचांचा दिसतो. प्रिसिजन (रंगाच्या नोंदीची बारकाई) ८ बिटच ठेवा. पूर्ण आकाराचा एक लेयर, म्हणजे चित्राचा एक थर, त्यात सुमारे १३८ एमबी जागा घेतो, ३२ बिटला त्याच्या चौपट.

आता घरं. चारही बाजूंना १५० पिक्सेल, म्हणजे पाऊण इंच, कोरी कड. फ्रेमची पट्टी त्यातली थोडी झाकतेच. घरांमध्ये ६० पिक्सेलची फट. आडवी ८ आणि उभी ५ घरं घेतली तर प्रत्येक घर ८१० × ८५२ चं होतं. मधल्या दोन स्तंभांतल्या मधल्या तीन ओळी एकत्र केल्या की १६८० × २६७६ ची मोठी खिडकी मिळते, साधारण साडेआठ बाय साडेतेरा इंचांची. तिच्यात जोडप्याचा मुख्य फोटो. भोवती ३४ घरं उरतात.

हे सगळं पेलणारा लेयर म्हणजे जाळी. एक पारदर्शक लेयर घ्या आणि त्यावर फक्त पट्ट्या भरा. कडेच्या चार पट्ट्या १५० रुंदीच्या. उभ्या फटी ९६० पासून दर ८७० पिक्सेलवर, एकूण सात. आडव्या १००२ पासून दर ९१२ वर, एकूण चार. आयताकृती सिलेक्शनच्या टूल ऑप्शन्समध्ये पोझिशन आणि साइझचे आकडे टाईप करता येतात. माऊसने अंदाजे ओढू नका. शेवटी (२७६०, १०६२) पासून १६८० × २६७६ चा चौकोन निवडून डिलीट करा, मोठी खिडकी उघडेल. रंग शुभ्र पांढरा नको. त्याच्या शेजारी जुने फोटो मळके वाटतात, किंचित पिवळसर पांढरा त्यांना सांभाळून घेतो. जाळी कायम सर्वांत वर आणि लॉक केलेली.

जाळीचा खरा फायदा पुढे आहे. फोटो घराच्या मापाचा कापायचा नाही, ८७० × ९१२ चा कापायचा (मोठा १७४० × २७३६ चा). म्हणजे चारही बाजूंना ३० पिक्सेल जाळीखाली दडतात आणि दोन-चार पिक्सेलची चूक दिसतच नाही. क्रॉप टूलमध्ये ‘फिक्स्ड’ला खूण करून ८७०:९१२ हे प्रमाण टाका, कापा, मग ‘स्केल इमेज’ने त्या आकाराला आणा. उभ्या गाइड्स (छपाईत न येणाऱ्या मदतीच्या रेषा) १२० पासून दर ८७० वर, आडव्या १२० पासून दर ९१२ वर लावा आणि ‘स्नॅप टू गाइड्स’ सुरू करा. ‘ओपन ॲज लेयर्स’ने आणलेले फोटो कोपऱ्याला चिकटून बसतात. मूव्ह टूलमध्ये ‘मूव्ह द ॲक्टिव्ह लेयर’ निवडलेलं हवं, नाहीतर फोटोऐवजी गाइडच हलते आणि सगळं माप बिघडतं.

पंगतीचा किंवा वीस माणसांचा ग्रुप फोटो एका घरात कोंबू नका. शेजारची दोन घरं जोडा, जाळीचं लॉक तेवढ्यापुरतं काढून मधल्या फटीचा तुकडा पुसा आणि फोटो १७४० × ९१२ चा घ्या. एकट्या माणसाचा चेहरा सुमारे ३०० पिक्सेल उंच, म्हणजे दीड इंच, ठेवला तर सगळ्या घरांत सारखेपणा येतो. कडेच्या फोटोंतली माणसं आत बघणारी असावीत.

फोटो मागवताना ‘व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं स्पष्ट सांगा. साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. अख्खा फोटो एका घरात जाणार असेल तर तेवढं पुरतं, पण ग्रुपमधून एक चेहरा उचलला की हाती दोन-तीनशे पिक्सेल उरतात. दीडपटीपेक्षा जास्त ताणलेला चेहरा मेणासारखा गुळगुळीत होतो. तो फोटो सोडून द्यावा, कितीही लाडका असला तरी.

जुने छापील फोटो मोबाइलने टिपू नका. फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० डीपीआयने, कृष्णधवल असले तरी रंगीत मोडमध्ये स्कॅन करा. पिवळे डाग वेगळे काढणं सोपं जातं. स्टुडिओतल्या खरबरीत, रेशमी पोताच्या कागदावर स्कॅनरचा उजेड एकाच बाजूने पडतो आणि सगळीकडे ठिपके चमकतात. असा फोटो एकदा सरळ आणि एकदा उलटा, १८० अंशांत फिरवून स्कॅन करा. दुसरा सुलट करून पहिल्यावर तंतोतंत बसवा आणि त्याची ओपॅसिटी (अपारदर्शकता) ५० टक्के करा. दोन्हीकडच्या सावल्या एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढायचा नाही, काचेसकट स्कॅन करायचा.

सगळे बसले की झूम ५-१० टक्क्यांवर आणून बघा. एका कोपऱ्यात काळोख साचला असेल, किंवा एकाच समारंभाचे चार फोटो शेजारी आले असतील, तर इथे लगेच कळतं.

तारीख किंवा नावं लिहायची तर अक्षरं किमान अर्ध्या इंचाची, म्हणजे १०० पिक्सेल. मुंबईच्या ‘एक टाइप’चे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे मोफत फॉन्ट मोठ्या आकारात छान उमटतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत जोडाक्षरं तुटली किंवा वेलांट्या भलतीकडे गेल्या तर प्रेफरन्सेसमधल्या ‘टाइप’ विभागात दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडा.

काम एक्ससीएफमध्ये, म्हणजे लेयर सांभाळणाऱ्या गिम्पच्या स्वतःच्या फाइलमध्ये, जपा. लॅबला मात्र एसआरजीबी (रंगांचं सर्वसाधारण मानक) प्रोफाइलची जेपीईजी द्या: क्वालिटी ९५, सबसॅम्पलिंग ४:४:४, म्हणजे रंगांचा तपशील न कापता. त्याआधी कोलाजमधला सर्वांत गडद चेहरा येईल असा १२०० × ८०० पिक्सेलचा तुकडा कापून ६ × ४ इंचाची प्रिंट काढा. पडदा स्वतः उजळतो, कागद उजळत नाही. बहुतेकदा उजेड-अंधार बदलणाऱ्या ‘कर्व्हज’मध्ये मधले टोन थोडे उचलावे लागतात. फाइल पेनड्राइव्हवर द्या आणि ऑर्डरवर लिहून घ्या: ऑटो करेक्शन बंद, ‘फिट टू पेज’ बंद, छपाई १०० टक्के मापाने.